जामीन कोण राहणार?

आमच्या माहेरी काही शब्द दिवेलागणीला उच्चारायचे नसत. सापाला 'लांबडे' म्हणायचे, मीठ संपले तरी 'संपले' म्हणायचे नाही. 'जामीन' हा शब्द मात्र दिवसाउजेडीही कोणी काढीत नसे. वडील एका शाळेत कारकून होते. शाळेतल्याच एका सोबत्याने पतपेढीतून कर्ज काढले, त्याला वडील जामीन राहिले. पुढे एके दिवशी तो सोबती नोकरी सोडून नाहीसा झाला आणि मग चार वर्षे वडिलांचा पगार त्याचा हप्ता कापूनच घरी येऊ लागला. आईच्या पाटल्या त्या चार वर्षांत गेल्या, त्या गेल्याच. आईने त्यावरून भांडण काढले असे मला आठवत नाही. फक्त कोणी लग्नकार्याला बोलावले की ती हातांवरून पदर ओढून घेई.

असल्या घरातली मी. लग्न होऊन आले ते बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाच्या घरी. आमच्या ह्यांच्या टेबलासमोर जामीन राहून फसलेली माणसे रोज येऊन बसतात. तेव्हा दोन्ही घराण्यांचे या बाबतीतले संस्कार किती खंबीर होते, हे वेगळे सांगायला नको. आणि तरीही २०२२ च्या ऑगस्टात मी एका मुलाला जामीन राहिले. ज्याचे पूर्ण नाव मला माहीत नव्हते, अशा मुलाला.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाईंना आम्ही सगळे मावशी म्हणतो. वयाने त्या माझ्याहून फार तर चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. नारळी पौर्णिमेच्या दिवशी त्या आल्या आणि कणीक मळता मळता एकदम थांबल्या. आमच्या लेकीने भावाला बांधायची राखी ताटात काढून ठेवली होती, तिच्याकडे बघत म्हणाल्या, "ताई, तीन हजाराला मानूस मिळतो म्हनतात, घेऊ का?"

मला काही कळेना. मग हळूहळू सगळे बाहेर आले. मावशींचा मुलगा मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर कामाला होता. जुलैत पोलीस तिथे आले, चोरीचे दोन मोबाइल सापडले, मालक गावी गेला होता, तेव्हा गल्ल्यावर बसलेला हा सापडला. चोरीचा माल जवळ बाळगल्याचा आरोप. ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात न्यायालयाने त्याला जामीन मंजूर केला, १५,००० रुपयांचा, एका स्थानिक जामीनदारासह. आठवडा उलटून गेला होता आणि मुलगा अजून आतच होता. "साहेबांनी सोडला म्हनतात, पन सुटंना," असे मावशी म्हणाल्या. या वाक्यातली विसंगती मला त्या दिवशी नीटशी कळलीही नाही.

मुलाचा मामा जालना जिल्ह्यातला. तो बिचारा सातबाऱ्याचा उतारा आणि तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला घेऊन रात्रीच्या एस.टी.ने आला, दोन दिवस न्यायालयाच्या व्हरांड्यात बसला आणि परत गेला. जमीन होती, माणूस सख्खा होता, कागद खरे होते; पण तो 'स्थानिक' नव्हता. मग न्यायालयाच्या फाटकाशी उभ्या असणाऱ्या एका गृहस्थाने मावशींना सांगितले की चिंता नको, तीन हजारांत जामीनदार मिळेल. रेशनकार्ड, घरपट्टीची पावती, सगळे त्याच्याजवळ तयार असते. ही मंडळी कोण असतात ते पुढे मला वकिलांकडून कळले. एकच माणूस महिन्यात दहा-दहा अनोळखी आरोपींना जामीन राहतो, दर वेळी निराळ्या नावाने, निराळ्या कागदांवर. पकडला गेला म्हणजे त्याच्यावर खटला होतोच, शिवाय ज्याने त्याला आणले त्याचाही जामीन धोक्यात येतो. गरिबाला खरा जामीनदार मिळत नाही म्हणून खोट्याचा बाजार उभा राहतो, आणि खोट्याचा बाजार आहे म्हणून खऱ्याचे कागद दहा वेळा तपासले जातात. मावशींचा भाऊ या दोहोंच्या मध्ये सापडला होता.

मी म्हटले, "मावशी, तीन हजार कोणाला देऊ नका. मी बघते." असे शब्द आपल्या तोंडून फार चटकन निघतात.

रात्री जेवताना ह्यांच्यापाशी विषय काढला. हे घास थांबवून म्हणाले, "पंधरा हजार तू मावशींना देऊन टाक. परत आले नाहीत तरी चालतील. पण सही करू नकोस."

या वाक्यावर मी त्या रात्री पुष्कळ वेळ विचार केला. आमचे हे कंजूष नाहीत, दुष्ट तर मुळीच नाहीत. पंधरा हजार रुपये आमच्या घरात काही कमी नव्हेत, पण ते सोडून द्यायला ते एका क्षणात तयार झाले. सहीला मात्र नाही. आपण शहरातली नोकरदार माणसे अशीच आहोत. पूरग्रस्तांना देऊ, वृद्धाश्रमाला देऊ, कामवालीच्या मुलीच्या शाळेची फी भरू. पैसा दिला की तो आपल्यापासून तुटतो आणि आपण मोकळे होतो. सही तुटत नाही. ती ज्याच्यासाठी केली त्याच्याबरोबर चालत राहते, आणि तो कुठे जाईल ते आपल्या हाती नसते.

मराठीचे अध्यापन हा माझा पोटाचा धंदा, तेव्हा थोडे विषयांतर वाचकांनी पोटात घालावे. 'जामीन' हा शब्द अरबी. फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला आणि जुन्या दफ्तरात चांगलाच रुळला. त्याचा मूळ अर्थ हमी घेणारा माणूस. म्हणून आपण 'जामीन राहणे' म्हणतो. जुन्या कागदांत जामिनाचे प्रकार भेटतात: सारा भरण्याची किंवा पैशाची हमी घेणारा तो मालजामीन, पुढच्या चांगल्या वर्तणुकीची हमी घेणारा तो फैलजामीन, आणि माणूस बोलावल्या वेळी समोर उभा करीन असे म्हणणारा तो हाजीरजामीन. आता भाषेत गंमत अशी झाली आहे की 'जामीन' म्हणजे न्यायालयाचा हुकूम होऊन बसला. 'जामीन मिळाला' असे वर्तमानपत्रे लिहितात. त्यातल्या माणसासाठी मग 'जामीनदार' असा नवा शब्द लागला. मावशींच्या मुलाला हुकूम मिळाला होता, माणूस मिळाला नव्हता. "सोडला पन सुटंना" या वाक्यातली विसंगती ती हीच.

आणि वडिलांचे जे झाले ते मालजामिनाचे, हेही मला तेव्हाच उमगले. मला विचारले जात होते ते हाजीरजामीन राहण्याविषयी. मुलगा निर्दोष आहे याची हमी मला द्यायची नव्हती; ते ठरवायला न्यायाधीश आहेत. तो दर तारखेला हजर राहील, एवढेच मी म्हणायचे होते. तो आला नाही तर बंधपत्रातली रक्कम, म्हणजे जास्तीत जास्त १५,००० रुपये, माझ्याकडून वसूल होऊ शकत होती. तीही माझे म्हणणे ऐकून घेतल्यावर, आणि कारण पटले तर न्यायालय काही भाग सोडूनही देऊ शकते. पुढे कधी नकोसे झालेच, तर अर्ज करून जामीनकी सोडताही येते. मग न्यायालय आरोपीला बोलावून दुसरा जामीनदार आणायला सांगते. ह्यांना मी हे सगळे वाचून दाखवले. हे म्हणाले, "कायद्यात असंच लिहिलेलं असतं." बँकेतल्या माणसाशी वाद घालू नये.

मावशींना घेऊन मी पहिल्यांदा न्यायालयात गेले तेव्हा माझा समज असा होता की प्राध्यापक आहे म्हटल्यावर एका तासात काम होईल. इमारतीच्या वरच्या मजल्यावर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे, हेही मला एका चहावाल्याने सांगितले. हे मी मुद्दाम लिहिते आहे. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे जो अटकेत आहे त्याला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. स्त्रियांना तर मिळकत कितीही असली तरी आहे. मावशींनी तोवर एका वकिलाला ५,००० रुपये देऊन झाले होते आणि ते गृहस्थ पुन्हा दिसले नव्हते. प्राधिकरणाकडून मिळालेली वकीलबाई माझ्या विद्यार्थिनींपेक्षा फार मोठी नसेल. तिने दहा मिनिटांत तीन वाटा सांगितल्या. रक्कम कमी करण्यासाठी अर्ज करता येईल. काही आठवड्यांपुरता रोख जामीन भरून मुलाला आधी बाहेर काढता येईल. खटला संपला आणि मुलगा नियमाने येत राहिला की ते पैसे परत मिळतात, पण त्या मुदतीत जामीनदार आणावाच लागेल. किंवा आत्ताच जामीनदार उभा करायचा.

मावशींच्या भिशीचे ६,००० होते. उरलेले ९,००० मी घालणार, म्हणजे रोख जामिनाची सोय झाली असती. ह्यांचाही मान राहिला असता. पण चार आठवड्यांनी पुन्हा तोच प्रश्न उभा राहणार होता. मी वकीलबाईला म्हटले, "जामीनदार मीच." आणि तिने कागदांची यादी माझ्या हातात दिली.

त्या यादीने मला माझी जागा दाखवली. रेशनकार्ड! आमचे पांढरे कार्ड पोटमाळ्यावरच्या ट्रंकेत सापडले. त्यावर नाव सासऱ्यांचे आणि पत्ता गिरगावातल्या जुन्या चाळीचा. ती चाळ पडून तिथे आता टॉवर उभा आहे. वीस वर्षे उपनगरात राहून, कर भरून, निवडणुकीच्या कामाला जाऊन, मी त्या न्यायालयाच्या दृष्टीने मावशींच्या भावाइतकीच परगावची होते. मग आधारकार्ड, सोसायटीचा दाखला, वीजबिल. कॉलेजच्या कचेरीत पगाराचा दाखला मागायला गेले तर हेडक्लार्क चष्म्यावरून बघत म्हणाले, "मॅडम, कर्ज काढताय वाटतं?" मी "हो" म्हटले. वर्गात मुलांना खरेपणावरचे निबंध तपासून देणारी मी, चोरीच्या आरोपातल्या मुलाला जामीन राहते आहे हे कचेरीत सांगू शकले नाही. ते 'हो' मला अजून बोचते.

या खेपा घालताना मनात राहून राहून एक जुनी गोष्ट येत होती. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात 'केसरी' आणि 'मराठा' यांच्यावर अब्रूनुकसानीचा खटला झाला. टिळक-आगरकर तेव्हा पंचविशीतले, खिशाने फाटके. त्यांच्यासाठी १०,००० रुपयांचा जामीन हवा होता. त्या काळचे दहा हजार! जामीन राहिले ते पुण्याचे रामशेठ बापूशेठ उरवणे, आणि त्यांना उभे केले महात्मा जोतीराव फुल्यांनी. निबंधमालाकारांनी फुल्यांवर किती कडवट लिहिले होते, आणि हे दोघे तरुण त्याच निबंधमालाकारांच्या शाळेतले, हे ध्यानात घेतले म्हणजे या जामिनाचे मोल कळते. पुढे दोघांना शिक्षा झाली. आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगातल्या १०१ दिवसांवर पुस्तक लिहिले, ते आपण आवडीने वाचतो, शिकवतो. उरवण्यांवर मात्र मी वीस वर्षांत एक प्रश्न परीक्षेत विचारलेला नाही.

टिळकांच्याच चरित्रात जामिनाची आणखी एक गोष्ट आहे. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी त्यांना जामिनावर सोडले. तो अर्ज चालवणारे बॅरिस्टर होते दिनशा दावर. अकरा वर्षांनी, १९०८ साली, टिळक पुन्हा पिंजऱ्यात उभे राहिले. या वेळी जामिनासाठी बोलायला बॅरिस्टर जीना होते, आणि न्यायासनावर तेच दावर. त्यांनी जामीन नाकारला. खुर्ची बदलली की माणसाला जामिनाचा युक्तिवाद निराळा ऐकू येतो की काय, कोण जाणे.

पण टिळकांना निदान नाकारला तरी होता. मंजूर होऊनही न सुटणाऱ्यांची गोष्ट निराळी आहे, आणि ती सर्वोच्च न्यायालयापुढे १९७८ साली एका गवंड्याने नेली. मोतीराम त्याचे नाव; मध्य प्रदेशातला. त्याला जामीन द्यायचा हुकूम वरच्या न्यायालयाचा होता, खालच्या दंडाधिकाऱ्यांनी १०,००० रुपयांची हमी मागितली, आणि भाऊ जामीन राहायला आला तेव्हा त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला परत पाठवले. जालन्याच्या मामाची गोष्ट, बरोबर चव्वेचाळीस वर्षे आधी घडलेली! न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या गवंड्याला १,००० रुपयांच्या त्याच्या स्वतःच्या बंधपत्रावर, म्हणजे नुसत्या जातमुचलक्यावर, सोडायला सांगितले आणि परक्या जिल्ह्याचा जामीनदार नको म्हणण्याच्या वृत्तीचा खरपूस समाचार घेतला.

पुढच्याच वर्षी, १९७९ च्या जानेवारीत, राष्ट्रीय पोलीस आयोगाचे एक सदस्य रुस्तमजी यांचे लेख 'इंडियन एक्सप्रेस'मध्ये आले. रुस्तमजी हे नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले, म्हणजे आपल्याकडचेच. बिहारच्या तुरुंगांत त्यांनी जे पाहिले ते त्यांनी लिहिले: गुन्हा शाबीत झाला असता तर जितकी शिक्षा झाली असती, तिच्याहून अधिक काळ खटल्याविना कोंडलेली माणसे. ते वाचून कपिला हिंगोरानी या वकीलबाई सर्वोच्च न्यायालयात गेल्या. हुसैनारा खातून या नावाने तो खटला प्रसिद्ध आहे. न्यायमूर्ती भगवतींनी त्यात न्यूयॉर्कमधल्या एका प्रयोगाचा दाखला दिला. १९६१ साली मॅनहॅटनमध्ये सुरू झालेल्या त्या प्रयोगात आरोपीच्या खिशात काय आहे हे न विचारता, तो कुठे राहतो, किती वर्षे राहतो, घरी कोण आहे, काम काय करतो, हे विचारले जाई. मुळे जमिनीत असतील तर माणूस पळत नाही, एवढा साधा त्यातला हिशेब. आपल्याकडे २००५ मध्ये कायद्यात दुरुस्तीही झाली: जामीनपात्र गुन्ह्यातल्या माणसाला अटकेपासून आठवड्यात जामीनदार देता आला नाही तर तो निर्धन आहे असे धरावे आणि जातमुचलक्यावर सोडावे. मावशींच्या मुलाचा गुन्हा जामीनपात्र सदरातला नव्हता, म्हणून त्याला त्याचा उपयोग नव्हता.

हे सर्व मी रात्री वाचीत असे आणि सकाळी मावशींच्या हातच्या पोळ्या डब्यात भरून कॉलेजला जात असे.

हरितालिकेच्या दिवशी, ३० ऑगस्टला, अखेर माझा क्रमांक लागला. मी साडी जरा चांगली नेसले होते, आणि त्याची मला लाजही वाटत होती. दंडाधिकारीबाईंनी कागद चाळले. याआधी किती जणांना जामीन राहिला आहात, असे विचारले. हे शपथेवर सांगावे लागते. मग म्हणाल्या, "आरोपीशी नातं काय?"

"त्याची आई आमच्याकडे कामाला आहे. अकरा वर्षं."

"आरोपीला किती वर्षांपासून ओळखता?"

मी गप्प झाले. अकरा वर्षांत तो दोनदा आमच्या दारात आला होता. एकदा आईचा विसरलेला मोबाइल द्यायला आणि एकदा दहावीचे पेढे घेऊन. पेढ्यांचा खोका मी दारातच घेतला होता. त्याचे पूर्ण नाव मी ते बंधपत्र वाचताना पहिल्यांदा वाचले. त्याची जन्मतारीख आमच्या मुलाच्या जन्मतारखेच्या तीन दिवस अलीकडची आहे, हेही तिथेच कळले.

"त्याच्या आईला ओळखते," मी म्हटले.

दंडाधिकारीबाईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि सही केली. बाहेर आल्यावर कारकुनाने सहज विचारले, "मिस्टर नाही आले?" मी म्हटले, "त्यांना बँकेत काम होतं." तेही काही खोटे नव्हते.

मला वाटले, आता संध्याकाळी मुलगा घरी. पण हुकूम तुरुंगात पोचावा लागतो. तुरुंगाच्या दाराशी एक पेटी असते. ठरावीक वेळेला ती उघडतात, आणि त्यानंतर आलेला कागद दुसऱ्या दिवसाचा. आदल्याच वर्षी, २०२१ च्या ऑक्टोबरात, एका फार मोठ्या नटाच्या मुलाचा कागद अशाच एका पेटीत वेळेवर पडला नाही म्हणून त्याला एक रात्र जास्त काढावी लागली होती आणि साऱ्या देशाने ते दूरदर्शन संचावर पाहिले होते. मावशींच्या मुलाचीही वेळ चुकली. दुसरा दिवस गणेश चतुर्थीचा. मावशी पहाटेपासून तुरुंगाच्या फाटकाशी उभ्या, आणि मी घरी एकवीस मोदक एकटीने वळत, पारी फुटली की मनातल्या मनात चरफडत, की नेमकी आजच सुट्टी! दुपारी आरतीच्या वेळी फोन आला. मागून ढोलताशांचा आवाज, त्यातून मावशींचे एवढेच ऐकू आले, "ताई, वाळलाय हो."

चार दिवसांनी तो आला. दारातच उभा राहिला. मी आत ये म्हटले. खुर्चीच्या कडेवर बसला, चहा घेतला, एक शब्द बोलला नाही. जाताना म्हणाला, "काकू, तारीख चुकवनार नाय."

पण चुकवलीच! २०२३ च्या मार्चमध्ये गावी आजी वारली, हा रात्रीच्या गाडीने गेला, वकीलबाईंना कळवायचे राहून गेले. न्यायालयाने त्याच्यावर वॉरंट काढले आणि माझ्या नावाने नोटीस. ती पोलीस शिपाई घेऊन आला तेव्हा जिन्यात शेजारची तीन दारे किलकिली झाली. नोटीस ह्यांनी घेतली, वाचली, घडी घालून फडताळात ठेवली. रात्रभर ते एक अक्षर बोलले नाहीत. आईच्या हातांवर ओढलेला तो पदर मला त्या रात्री पुन्हा पुन्हा दिसत राहिला. तिसऱ्या दिवशी मुलगा डोक्याचे केस काढलेला, तसाच न्यायालयात उभा राहिला. मृत्यूचा दाखला जोडला होता. वॉरंट रद्द झाले, माझी नोटीस निकाली निघाली. परत येताना मी त्याला रिक्षात बसून जेवढे बोलता येईल तेवढे बोलले. आपल्या मुलाला बोलते तसेच.

मधल्या काळात वर्तमानपत्रांत काही बदलाच्या बातम्या आल्या. २०२२ च्या संविधानदिनी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी गरीब कैद्यांचा विषय न्यायमूर्तींसमोरच काढला. मग ३१ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सूचना दिल्या: जामिनाचा हुकूम त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने तुरुंगात जावा, सात दिवसांत माणूस सुटला नाही तर तुरुंगाधिकाऱ्याने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे, आणि त्यांनी कोणाला तरी त्याच्याकडे पाठवून अडचण काय ते पाहावे, महिना गेला तर न्यायालयाने आपण होऊन अटी सैल करता येतात का ते बघावे. आणि 'स्थानिक जामीनदार' या अटीमुळेच सुटका रखडते, तेव्हा अशा वेळी न्यायालयांनी ती घालू नये, असेही त्यात आहे. ते वाचून मी जालन्याच्या मामाला फोन लावायला सांगितले. मामा म्हणाला, "आता काय उपेग?"

त्याच वर्षी केंद्र सरकारने गरीब कैद्यांसाठी योजना आणली. जिल्ह्यातली एक समिती, तीत जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, तुरुंगाधिकारी, विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव. २०२३ च्या नियमांप्रमाणे जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि दंड न भरल्याने अडकलेल्या शिक्षा झालेल्या कैद्यासाठी २५,००० पर्यंत रक्कम सरकार भरते. लाचलुचपत, अमली पदार्थ, काळा पैसा, दहशतवाद अशा कायद्यांखालचे आरोपी तीत येत नाहीत. आणि जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्याने, काही गंभीर अपवाद सोडता, कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळ कच्ची कैद काढली, तर त्याला बंधपत्रावर सोडावे असे तीत म्हटले आहे. सरकारी आकडा सांगायचा तर २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती आणि त्यांतली ४,३४,३०२ कच्चे कैदी होती. त्यांतल्या कितीजणांचा कागद मंजूर होऊन पडला आहे, हे या आकड्यात दिसत नाही.

असा प्रसंग कोणावर आला, म्हणजे आपल्या घरी काम करणाऱ्यांपैकी, सोसायटीच्या रखवालदारापैकी कोणावर, तर फाटकाबाहेरच्या गृहस्थांना चुकवून थेट प्राधिकरणाच्या कार्यालयात न्यावे. त्यांचा १५१०० हा फोनक्रमांकही आहे. मुंबईकडे टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'प्रयास'ची माणसे १९९० पासून तुरुंगांत जाऊन हीच कामे करीत आली आहेत. पैशाची सोय यांतून पुष्कळदा होते. सही करणाऱ्याची सोय कोणत्या योजनेत बसवायची, ते मात्र मला समजत नाही. मी स्टाफरूममध्ये ही सगळी हकिकत सांगितली तेव्हा सर्वांनी माझे कौतुक केले. एकाने तर 'असे काही असेल तर सांगा, मी पाच हजार देईन' असेही म्हटले. सहीचे कोणी बोलले नाही. मीही विचारले नाही. सात वर्षांपूर्वी मला कोणी विचारले असते तर मी काय केले असते, ते मला ठाऊक आहे.

वडील आता नाहीत. शेवटच्या आजारात मी त्यांना एकदा धीर करून त्या सोबत्याविषयी विचारले होते. ते म्हणाले, "पतपेढीला वाटलं मी पैशाला जामीन राहिलो. मी त्याला जामीन राहिलो होतो." तेव्हा मला ते म्हातारपणाचे बोलणे वाटले.

खटला अजून संपलेला नाही. साक्षीदार येत नाहीत, तारखा पडतात. मुलगा आता दुसऱ्या दुकानात आहे आणि दर तारखेच्या आदल्या दिवशी त्याचा मोबाइलवर संदेश येतो, 'काकू उद्या कोर्ट'. पहिल्या वर्षी या तारखा मी माझ्या पाकीटवहीत लिहून ठेवीत असे, घरात कोणाला दिसू नयेत म्हणून. गेल्या डिसेंबरात नवे कालनिर्णय आणून हे भिंतीवर लावत होते. दुधाचा खाडा, गॅस, विम्याचा हप्ता अशा खुणा त्यांनी जुन्यावरून उतरवून घेतल्या. मग लाल पेन्सिल हातात धरून स्वयंपाकघराकडे तोंड करून मोठ्याने विचारले, "मावशी, जानेवारीतली कितीची दिलीय हो?"